बंधुसभेचे पाहुणे आणि आईचा पांढरा रस्सा

मु. पो. गडमुडशिंगी

तीर्थस्वरूप वसंतमामा यांना,

सम्राटचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही आजऱ्यात बरे असाल असं धरून लिहितो. मामींचा गुडघा कसा आहे? काजूच्या कारखान्यात त्यांना अजून उभ्यानंच काम करावं लागतं का? आईची शुगर ठीक आहे (म्हणजे गोळ्या आणलेल्या आहेत, ती घेते का ते सांगत नाही). पत्र पाहून दचकू नका, वाईट बातमी नाही. फोनवर बोललो तर आई ऐकते, म्हणून लिहितोय.

गोष्ट अनुजाची आहे. बाबांना जाऊन वर्ष झालं. तिचं डॉक्टरकीचं दुसरं वर्ष संपत आलं, आणि माझ्या फौंड्रीच्या पगारात तिसरं बसत नाही. ती हॉस्टेलवरून म्हणते, दादा, मी एक वर्ष थांबते. मीही अकरावीनंतर एकच वर्ष थांबणार होतो, मामा.

कोल्हापुरात बंधुसभा नावाची जुनी संस्था आहे. सभासद एकमेकांना 'बंधू' म्हणतात, आत काय चालतं ते बाहेर सांगत नाहीत, पण परिस्थितीमुळे अडलेल्या डॉक्टरकीच्या मुलांना शिष्यवृत्ती देऊन शेवटपर्यंत शिकवतात. अट एकच, तिघे बंधू घरी येऊन परिस्थिती स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. अनुजाचा अर्ज पुढे गेला आणि रविवारी येतो असा निरोप आला. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

आईला मी नीट समजावलं की, जसं आहे तसं दाखवायचं. ती हो म्हणाली, म्हणून मी निर्धास्त कामावर गेलो. परत येतो तर शेजारचे बाळासो आपला सोफा आमच्या दारातून आडवा करून आत घालत होते (त्यांच्या लग्नातला सोफा, अजून प्लास्टिक काढलेलं नाही). समोरच्या घरातल्या धोंडुबाईंनी नवी चादर आणि ताटं पाठवली होती. पोपडे आलेल्या भिंतीपुढे बाळासोंचाच मोठा टीव्ही उभा होता (त्याची वायर आमच्या प्लगपर्यंत पोचत नव्हती, ती तशीच लोंबत होती). मी म्हणालो, "आई, अगं ते गरिबी बघायला येणार आहेत." तर म्हणाली, "मग पावण्यांना काय पोपडं दाखवू व्हय? तुझ्या बाबांची अब्रू हाय का न्हाय?" बाबांचं नाव निघाल्यावर मी सोफ्याचं दुसरं टोक धरलं.

बाबा गेल्यापासून आईनं घरात मटण शिजवलं नव्हतं. रविवारी तिनं सुकं, तांबडा आणि पांढरा असं सगळं केलं. पांढऱ्या रश्श्याला उकळी आली तेव्हा मध्येच थांबली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, कांदा लई तिखट हाय (कांदा केव्हाच चिरून झाला होता).

तिघे आले ते भर उन्हात काळे कोट घालून. त्यांच्या रीतीप्रमाणे थांबून थांबून दार वाजवायला लागले, तर आई आतून ओरडली, "उघडंच हाय की! किती वाजवतासा?" त्यांना फक्त पाणी हवं होतं. आमच्या घरात नुसत्या पाण्यावर कोणी सुटत नाही, हे तुम्हांला माहीत आहेच. तिघांतले मोठे बंधू राजवर्धनसाहेब पांढरा रस्सा वाटी वाटी पीत होते आणि आई वाढत होती. कितीतरी महिन्यांनी ती हसताना दिसली. मग हात पुसत साहेबांनी विचारलं, "ताई, घरची परिस्थिती कशी काय?"

आई पदर सावरून म्हणाली, "एक नंबर हाय. देवाच्या दयेनं कशाला कमी न्हाय."

दारात उभ्या बाळासोंना कोणी विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "सायेब, असलं खातंपितं घर उभ्या गावात न्हाय!"

मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं पाठ केलं होतं, मामा. अनुजा, फौंड्री, आईच्या गोळ्या, सगळं. पण आई समोर बसलेली, त्या चादरीवर. माझ्या तोंडून आलं, "बरं चाललंय."

निघताना साहेबांनी त्या लोंबत्या वायरकडे पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. म्हणाले, "दिसलं ते आम्हांला खरं मानावं लागतं. पण घरातलं वडीलधारं माणूस सभेपुढे उभं राहून परिस्थिती सांगेल, तर पुन्हा विचार होतो." सभा येत्या गुरुवारी आहे.

सोफा संध्याकाळी परत गेला. तेव्हापासून घर आधीपेक्षा रिकामं दिसतं.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

तुमचा भाचा,
सम्राट

ता. क. : चालेल असं वर लिहिलं, ते खरं नाही. आमच्याकडे वडीलधारं माणूस आता तुम्हीच. बाबांच्या उत्तरकार्याला तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होतात, "ह्या घरात हाय काय? फुटकी कौलं आणि उसनवारी! माझ्या भणीचं वाटोळं केलं ह्या माणसानं!" तेव्हापासून आई तुमच्याशी बोलत नाही, आणि मीही बोललो नाही. गुरुवारी येऊन तेच पुन्हा सांगाल का? आम्हां दोघांना ते बोलता येत नाही. त्या दिवशीसारखंच मोठ्यानं बोला, हॉल मोठा आहे.

पुन्हा ता. क. : आईला यातलं काही माहीत नाही. आणि मामा, शेवटचं वाक्य, बाबांबद्दलचं, तेवढं तिथे गाळा. मी तुमच्या शेजारीच उभा असणार आहे.