हयात खेळाडूची जर्सी छतावरून उतरवण्याबाबत

प्रति,
मा. श्री. लॉयल फ्रिझन,
व्यवस्थापक, नगर आइस हॉकी स्टेडियम,
वेल्डन क्रीक, सस्कॅचेवान.

विषय: निवृत्त केलेला चौदा नंबर मूळ खेळाडूस परत मिळणे.

संदर्भ: १) समितीचा गेल्या फेब्रुवारीतला ठराव.
२) आपण पार्किंगमध्ये दिलेलं तोंडी उत्तर, "बघू गं पोरी."

महोदय,

मी, खाली सही करणारी टेसा वोवचुक, इयत्ता अकरावी, आपणास सविनय कळवते की मी जिवंत आहे. हे आपणास ठाऊक आहे, कारण मागच्या मंगळवारी आपणच मला हॉट चॉकलेट पाजलंत. परंतु समितीच्या कागदावर तसं दिसत नाही, म्हणून हा अर्ज.

१. मागच्या वर्षी ऑक्टोबरात खांद्याचं पॅड बांधताना माझ्या गळ्याच्या हाडावर हाताला गाठ लागली. डॅड म्हणाले, "पट्टा आवळतेस, दुसरं काय." पट्टा सैल केला. गाठ राहिली. पुढे सॅस्कटूनच्या डॉक्टरीणबाईंनी हॉजकिन लिम्फोमा असं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "कॅन्सर निवडायचाच झाला तर हा त्यातला बरा." मी विचारलं, शनिवारची मॅच खेळू का? डॅडनी विचारलं, खालचं पार्किंग किती वाजेपर्यंत चालतं? दोघांनाही रडू आलं नाही. परतीच्या वाटेवर आम्ही बर्गर खाल्ले आणि मी लोणच्याच्या चकत्या नेहमीसारख्या काढून ठेवल्या. लोक विचारतात, त्या दिवशी कसं वाटलं. मला त्या चकत्या आठवतात.

२. जानेवारीत पहिलं औषध पुरेसं चाललं नाही असं कळलं. डॅडनी हे फक्त कोच रेनेंना सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला. त्यानंतर लोक आमच्या दारात जेवणाचे कॅसरोल ठेवून बेल न वाजवता जाऊ लागले. फेब्रुवारीत स्टेडियमच्या समितीने माझा नंबर निवृत्त करून, म्हणजे तो पुन्हा कुणालाच न देता, जर्सी छताला टांगायचं ठरवलं. हा फार मोठा मान आहे, मला मान्य आहे. पण तिथे आधी टांगलेल्या तिन्ही जर्सी वारलेल्या माणसांच्या आहेत.

३. कार्यक्रम मी हॉस्पिटलात फोनवर बघितला. माइकवर आपण होतात आणि मागच्या कार्यक्रमाचाच कागद नाव बदलून वाचत होतात. त्यामुळे जर्सी वर गेल्यावर आपण म्हणालात, "आता आपण एक मिनिट स्तब्ध उभे राहू." सगळे उभे राहिले. गोलकीपर केल्सीने हेल्मेट काढलं. हॉस्पिटलात मीही उभी राहिले, सलाइनचा खांब धरून, कारण असं काही चालू असताना बसून राहणं बरं दिसत नाही. नर्सने विचारलं, "कुणाचं काय झालं गं?" मी म्हटलं, आमच्या टीममधली एक मुलगी. मग राहिलेलं बिस्किट खाल्लं. त्यावेळी मला खरंच काही वाटलं नाही. अजूनही नीटसं वाटत नाही. याबद्दल आपल्यावर राग नाही.

४. दुसऱ्या औषधानंतर जूनमध्ये स्कॅन स्वच्छ आला. केस कुरळे उगवलेत, आधी सरळ होते. डॉक्टरीणबाईंची खेळायची परवानगी सोबत जोडली आहे. मात्र नोव्हेंबरात जर्सी मागितली तेव्हा समितीने कळवलं की निवृत्त नंबर कोणालाही देता येत नाही, नियम सर्वांना सारखा, आणि मला एक्केचाळीस देण्यात आला. सबब मी सध्या स्वतःच्या स्मारकाखाली दुसऱ्याच नंबरात खेळत आहे. मी बर्फावर उतरले की प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पास चुकला तरी वाजवतात. समोरच्या मुली मला वाट देतात. पंचांनी तर शिट्टी वाजवायची सोडून "ठीक आहेस ना बाळा?" असं विचारलं, आणि मी तर धडधडीत फाउल केला होता. फक्त केल्सी नीट वागते. ती वर बोट दाखवून ओरडते, "बघ, ती वरची तुझ्यापेक्षा बरी खेळायची!" आणि डॅड म्हणतात, "लोकांनी प्रेमानं केलंय, गप बस." मी दोन आठवडे गप बसून पाहिलं.

५. तरी विनंती की ती जर्सी उतरवून मला घालायला मिळावी. शिडी मी धरते, किंवा आपण धरा, मी चढते. औषधांनी मी थोडी फुगले आहे, जर्सी काखेत काचेल, हरकत नाही. ठराव मागे घेतल्यास लोकांना वाईट वाटेल, असं आपण पार्किंगमध्ये म्हणालात. त्यावर माझं म्हणणं असं: माझा पुढचा स्कॅन मार्चमध्ये आहे. त्यानंतरही बरेच आहेत. त्यांपैकी एखाद्यात काही निघालं, तर जर्सी मी स्वतः धुऊन, घडी घालून आपल्या ऑफिसात आणून देईन. आपल्याला नवा ठराव करावा लागणार नाही, कागदही तोच वाचता येईल. तोवर ती मला लागते. शनिवारी मॅच आहे.

आपली, तूर्तास डाव्या बाजूने खेळणारी,
टेसा वोवचुक
८ डिसेंबर

सोबत:
१) डॉक्टरांचं पत्र.
२) डॅडची संमती (सहीसकट).
३) हयातीचा दाखला म्हणून अर्जदार स्वतः. ऑफिसबाहेरच्या बाकावर स्केट्स बांधून बसले आहे.