केबल जवळजवळ बदलली

३ मार्च, सोमवार. सकाळ.

आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. माझी शाळा सातवीत सुटली. म्हणजे मी सोडली, शाळेच्या ते लक्षात आलं की नाही माहीत नाही. पण आता मी विमानात आहे. म्हणजे विमानांच्या शेडमध्ये. आईला फोनवर ‘विमानात असतो’ एवढंच सांगितलंय, पुढचं तिचं तिनं धरलं. यात माझी काय चूक?

वस्तादांनी आज मोठं काम दिलं. (वस्ताद म्हणजे शेडचे मेन मेकॅनिक. मला घाईमास्तर म्हणतात. प्रेमानं.) काम दातवाल्या डॉक्टरांच्या विमानाचं. डॉक्टरांनी ते घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं जोडलंय, आठ वर्षं खपून. दोन सीट, एक इंजिन. त्याची थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या मुठीची, केबल जड चाललीय, ती बदलायची. सायकलच्या ब्रेकसारखीच असते, कव्हरच्या आतून इंजिनपर्यंत जाणारी तार. फक्त वर असताना तुटली तर पाय टेकवता येत नाहीत.

वस्ताद म्हणाले, सीट काढ, जुनी तार कव्हरसकट बाहेर घे, नवी घाल. तेल अजिबात नको, कव्हरमध्ये प्लास्टिकची नळी असते, तेलाला धूळ चिकटून ती आणखी जाम होते. आणि रविवारच्या आत कर. रविवारी डॉक्टर बायकोला, म्हणजे बाईंना, पहिल्यांदा वर नेणार आहेत.

निश्चय: उद्या सहाला उठून सुरू.

४ मार्च, मंगळवार.

सहाला उठलो नाही. दाढ ठणकत होती.

सीट काढायची म्हणजे आठ स्क्रू, त्यातले दोन उलटं लटकून. मग पॅनेल. मग पार पुढपर्यंत क्लिपा. एवढ्याशा तारेसाठी एवढा पसारा? डोकं चालवलं. इंजिनच्या बाजूनं कव्हरमध्ये तेल सोडलं, मूठ मागेपुढे केली. लोण्यासारखी चालली!

वस्ताद जुन्या वळणाचे आहेत. त्यांच्या वेळी तेल चांगलं मिळत नसेल.

नवी केबल रंगाच्या डब्यांमागे ठेवली. लपवली नाही, ठेवली.

५ मार्च, बुधवार.

वस्तादांनी विचारलं, झाली का? म्हटलं, झाली. तार पूर्ण बाहेर काढली होतीस? म्हटलं, म्हणजे काय! ते माझ्या हातांकडे बघत राहिले. हात स्वच्छ होते. एरवी स्वच्छ नसतात म्हणून ओरडतात, आज स्वच्छ आहेत तरी बघतात.

इंजिनखाली तेलाचे थेंब पडत होते. फडकं टाकलं.

दुपारी कुणी नसताना सहज इंजिनपाशी चाचपलं. बोटात काटा घुसला. जिथं स्क्रू तार धरतो तिथला एक पदर तुटून बाहेर आला होता. कटरनं कापून टाकला. आता दिसत नाही. सात पदरांचा पीळ असतो, एक गेला तरी सहा आहेत. आमच्या घरीसुद्धा सात माणसं होती. मी नाही तर सहा आहेत, चाललंय ना.

रक्त थोडंच आलं.

६ मार्च, गुरुवार.

दाढ फारच. वस्तादांनी अर्धी सुट्टी दिली, स्वतःहून. असं ते कधी देत नाहीत. म्हणाले, जा, डॉक्टरांना दाखव, घाई करू नकोस.

डॉक्टरांनी रांगेतून आत घेतलं. आपल्या माणसाला कसली रांग, म्हणाले. ते मला आपला माणूस म्हणतात! मग आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, काय रे, वरून घासून चकाचक ठेवलीयस, आत काय चाललंय ते बघितलंस का कधी?

मला दरदरून घाम फुटला. ते दाढेबद्दलच बोलत होते.

आत औषध भरलं. सोमवारी परत बोलावलंय, तेव्हा मूळ साफ करणार. पैशाचं नावही काढलं नाही. असं केलं की माणसाला फार त्रास होतो.

७ मार्च, शुक्रवार.

डॉक्टर बाईंना घेऊन शेडमध्ये आले. बाईंचं विमानाशी जुनं वाकडं. गॅरेजमध्ये विमान असल्यामुळे आठ वर्षं त्यांची गाडी उन्हात उभी होती. आजवर विमानात पाय ठेवला नाही. डॉक्टर मनवून मनवून थकले.

बाईंनी थेट मलाच विचारलं, तू हात लावलायस ना याला? म्हटलं, हो. म्हणाल्या, मग बसते. हे म्हणतात सगळं बरोबर आहे, पण हे तर स्वयंपाकघरातला नळसुद्धा बरोबर आहे म्हणतात. डॉक्टर हसले. इतके हसले की चष्मा काढून पुसला.

मला कुठं बघावं कळेना.

डॉक्टरांनी मूठ हलवून बघितली, म्हणाले, वा, नव्यासारखी झालीय! मीही हलवली. मंगळवारपेक्षा हलकी लागली. तेल आत मुरलं असणार. इंजिनखाली एक थेंब नाही. स्क्रूसुद्धा चकचकीत. एवढा कधी पुसला ते आठवेना, पण मी कामात असलो की मला भान राहत नाही.

डब्यांमागे बघितलं नाही. बघायचं काय त्यात.

८ मार्च, शनिवार.

निश्चय: आज केबल खरोखर बदलायची.

स्क्रूड्रायव्हर घेतला. वस्ताद दिवसभर शेडमध्ये बसून होते. त्यांच्यासमोर बदलली तर बुधवारी काय बदललं ते सांगावं लागेल. तीनदा त्यांच्यापाशी गेलो. पहिल्यांदा चहा हवा का विचारलं. दुसऱ्यांदा, झाडू का विचारलं. तिसऱ्यांदा वस्तादच म्हणाले, काही बोलायचंय का? म्हटलं, दाढ.

ताईचा फोन. म्हणाली, आई कौतुकानं सांगत असते पोरगा विमान चालवतो म्हणून, आणि घरी देव पाण्यात घालून बसते, खरं काय रे? म्हटलं, तसंच काहीसं. ताई म्हणाली, तुझं सगळं आयुष्यच तसंच काहीसं आहे.

उगाच उचलला फोन.

९ मार्च, रविवार.

दोन जीव वाचवले. क्रमानं लिहितो.

सकाळी डॉक्टर आत बसलेले, बाईंना पट्टा कसा लावायचा ते दाखवत होते. बाईंचा एक पाय आत, एक बाहेर. मला सहा पदर दिसायला लागले. मग पाच. सांगायला म्हणून पुढे गेलो. मग चाकापाशी बसलो, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि हवा सोडली. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून जोरात खोकत होतो. विमान एका अंगावर बसलं.

बाई तिथल्या तिथं उतरल्या. आठ वर्षं मी थांबले आणि एक पाय ठेवला तर हे खाली बसतंय! डॉक्टर म्हणाले, अगं, दोन मिनिटांत हवा भरतो. बाई म्हणाल्या, तुमच्या डोक्यात भरलीय तेवढी पुरे. आता या जन्मात विचारू नका. आणि गाडीत जाऊन बसल्या.

डॉक्टर बराच वेळ नुसते सीटवर हात फिरवत होते. बाईंच्या सीटवर.

पण जीव वाचले. हे कुणाला कळणार नाही, चालेल. चांगलं काम गुपचूपच करायचं असतं.

दुपार. सगळे गेल्यावर केबल बदलायची म्हणून डब्यांमागे हात घातला. नवी नव्हती. तिथं जुनी होती. नीट गुंडाळलेली, तेलकट, एक पदर कापलेली.

मागून वस्ताद म्हणाले, सापडली का?

गुरुवारी बदलली त्यांनी. मी डॉक्टरांच्या खुर्चीत आ करून बसलो होतो तेव्हा.

म्हणाले, तू सांगशील म्हणून थांबलो. तू हवा सोडशील हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं मारतात. व्हॉल्व्हची टोपी मागत होते. माझ्या खिशात होती.

१० मार्च, सोमवार. सकाळ.

वस्ताद म्हणतात, डॉक्टरांना स्वतः सांग. मी सांगणार नाही, तुझ्या वाटचं मी का बोलू?

प्लॅन तयार आहे. आज दाढेसाठी जायचंच आहे. तोंडात कापूस असतानाच सगळं सांगून टाकायचं. सांगितल्यासारखंही होईल, आणि पुढचं काही होणार नाही. सांगणं माझं काम, समजणं त्यांचं.

दुपार.

कापूस, नळी, आरसा आणि डॉक्टरांची दोन बोटं तोंडात असताना सगळं सांगितलं. तेल, कापलेला पदर, रविवारची हवा. डॉक्टर हं हं करत दाढ कोरत होते. छातीवरचा दगड उतरला. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांनी हात धुतले. आरशात बघत म्हणाले, पंचवीस वर्षं माणसं माझ्याशी तोंडात कापूस धरूनच बोलतायत. मला एकूण एक शब्द कळला.

मी खुर्चीतच. खुर्ची आडवी होती, उठताही येईना.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, आता हेच जाऊन हिला सांग. कापूस काढून.

११ मार्च, मंगळवार.

गेलो. अर्धा गाल अजून सुजलेला. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. हातातला टॉवेल घडी करून झाला, परत उलगडला, परत घडी केला.

मग म्हणाल्या, म्हणजे आता आत जी केबल आहे ती कुणी घातलीय?

वस्तादांनी, म्हटलं.

तू हात नाही लावलास?

नाही.

मग येते मी रविवारी, म्हणाल्या. पण तू तिथं आसपास दिसायचा नाहीस.

१६ मार्च, रविवार.

शेडवर यायचं नाही म्हणून खोलीच्या गच्चीवर बसलो. शेजाऱ्यांचे कपडे वाळत होते, त्यांच्यामधून बघत होतो. आवाज आधी आला. मग विमान. वळलं, उन्हात चमकलं, आवाज चढला, उतरला, परत चढला. कुठं अडकला नाही. बाईंचा हात काचेला टेकलेला दिसला. की माझा भास असेल, फार वर होतं.

तेवढ्यात आईचा फोन. म्हणाली, विमानाचा आवाज येतोय, वर आहेस का रे?

म्हटलं, नाही आई. मी खाली असतो. नेहमी खालीच असतो. नट पिळतो, फरशी पुसतो. वर दुसरी माणसं जातात.

आई म्हणाली, म्हणजे तू उडत नाहीस? कधीच नाही?

कधीच नाही.

आईला इतका आनंद झाला की मला जरा रागच आला.