दळणात गेलेलं बियाणं

१५ सप्टें., राहुरी
मालतीकडे उतरले. कृषी विद्यापीठाच्या कॉलनीत भिंतीला भिंत लावून अठरा वर्षं काढलेली शेजारीण, त्यामुळे चहाआधीच दोघींचं रडून झालं. हे गेल्यावर पहिल्यांदाच इथे आले. मुलाला सांगितलंय, आठ दिवस जुनी माणसं, जुनी गावं, निवांत फिरणार. गाडी करून देतो म्हणाला. नको म्हटलं. एसटी हळू जाते, मला तेच हवंय. खरं काम मालतीलाही सांगितलेलं नाही.

१६ सप्टें.
सकाळी विद्यापीठात. आमच्या क्वार्टरच्या परसात हे वर्षाआड चार ओळी ज्वारी पेरायचे, तिथे आता गुलाब. बियाणे विभागात यांचे जुने सहायक गाडे भेटले. बिचाऱ्यांनी अर्धा दिवस रजिस्टरं, बरण्या, थंड खोली, सगळं पालथं घातलं. मी शोधत आले ती बायजाबाईची ज्वारी नाही. कधी जमाच केली नव्हती. तिची अट होती म्हणे, सरकारात टाकू नका, घरात ठेवा. साहेबांनी शब्द पाळला, असं गाडे म्हणाले. मी मान हलवली.

नीट लिहून काढते, नाहीतर तिथे जाऊन ततपप होईल. बायजाबाई पाथर्डीकडची. सगळं घर ऊसतोडीला जायचं, शेत पडीक, म्हणून घरची जुनी ज्वारी तिने यांच्याकडे सांभाळायला दिली. गेल्या पावसाळ्यात हे अंथरुणाला खिळलेले असताना मी स्वयंपाकघर आवरायला काढलं. डब्यावर चिठ्ठी नव्हती. धान्य चांगलं दिसलं, दळणात ओतलं. बियाणेवाले एक चिठ्ठी बाहेर लावतात, एक आत टाकतात. एवढी वर्षं त्यांच्याशी संसार केला, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरी आत पाहिलं नाही. तेराव्यानंतर डबा घासताना तळाला चिकटलेला कागद निघाला. यांचं अक्षर. बायजाबाईचं नाव, गाव, आणि खाली: एवढीच आहे.

१७ सप्टें., शनिशिंगणापूर
पुढे जायची घोडेगावची गाडी मुद्दाम सोडली. मग दुसरीही. तेलाच्या दुकानातल्या बाईने बसायला पाट दिला. तिच्या घराला दार नाही, नुसता पडदा. आमच्यात कुणाची चीज कुणी उचलीत न्हाई, म्हणाली. शनीला तेल वाहिलं. काय मागावं ते सुचेना.

निघण्याआधी आलेल्या फोनचं लिहायचं टाळतेय. बायजाबाईची नात सुनंदा. यांच्या नंबरावर केला होता, हे गेल्याचं तिला माहीतच नव्हतं. ऐकून रडली. मग म्हणाली, यंदा कोयता घेतला नाही, ऊसतोडीला न जाता गावातच राहणार, आजीची ज्वारी पेरायची. "बी हाय ना, बाई?" मी हो म्हटलं. का म्हटलं?

१८ सप्टें., तिसगाव
आजही पोचले नाही. उगाच उतरले. बाजारात धान्याच्या दुकानासमोर उभी राहिले आणि दोन किलो ज्वारी घेतली. कापडी पिशवीत बांधली. मला तरी तशीच दिसते. कणसं यायला चार महिने, तोवर मी पुण्यात. यांच्यासारख्या माणसाच्या बायकोला हे सुचावं. लाज वाटते, पण पिशवी टाकून दिलेली नाही.

२० सप्टें., बायजाबाईकडे
काल दुपारी आले. रान कुळवाची पाळी घालून पेरणीला तयार. म्हातारी ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. माझे दोन्ही हात धरून बसली, यांच्याबद्दल विचारत राहिली. सुनंदाने चहा दिला आणि पिशवीकडे हात केला. पिशवी माझ्या मांडीवर.

"मावशी, ही तुमची नाही. बाजारातली आहे. तुमची मी दळून टाकली."

एवढं एका दमात बोलले. पुढचं आठवत नाही धड. सुनंदा म्हणाली, "फोनवर तर व्हय म्हनला हुता तुमी." आणि उठून शेताकडे गेली. ती आरडाओरड करती तर बरं झालं असतं. बायजाबाईने रात्रीचं जेवण वाढलं, अंथरूण घातलं, पण बोलली नाही.

आज दिवेलागणीला आपणहून जवळ येऊन बसली.

"सायबांनी खाल्ली का ती भाकर?"

खाल्ली. पंधरा दिवस नुसत्या पेजेवर होते. त्या दिवशी एक अख्खी खाल्ली आणि वर अर्धी मागून घेतली. मला इतका आनंद झाला की मी मुलाला फोन करून सांगितलं.

म्हातारीने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग त्यास्नी कळलं आसंल. घासावरनं ज्वारीचं गाव सांगायचे ते."

सांगायचे. खरंच सांगायचे. माझ्यासमोर किती वेळा सांगितलंय. मग त्या दिवशी ताटावर माझ्याकडे बघत होते ते... आणि अर्धी मागितली ती भूक म्हणून की मला कळू नये म्हणून? वर्षभर मी यांच्या त्या दीड भाकरीवर जगले.

बायजाबाई आत गेली. अंगणात सुनंदा कोणाला तरी फोनवर बियाणं विचारतेय, तिसरा फोन. तिकडूनही नाहीच असणार, आवाजावरून कळतं. सकाळची गाडी साडेआठला आहे. जा म्हणून किंवा राहा म्हणून अजून कोणी सांगितलेलं नाही.