सीलबंद कॅप्टन

४ ऑगस्ट, सोमवार

आवाज बदललाय. कॅप्टनचा आवाज बदललाय मेल्यांनी!

संध्याकाळी लॅबमधून आले. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून हात भरून आले होते. म्हटलं, जरा आपलंच काहीतरी बघावं. टीव्हीवर ॲप लावलं — ‘फ्रिजमागचं अंतराळ’, भाग पहिला. फ्रिजच्या मागून आमचा कॅप्टन मिशी येतो, मिशा झटकतो, तोंड उघडतो... आणि आतून कुणीतरी परकाच गडी बोलतो. जाडा, गुळगुळीत आवाज. कर्जाच्या जाहिरातीतला असतो ना, तसला. चहा तसाच गार झाला माझा.

कॅप्टन म्हणजे झुरळ. कवळ्यांचं गुलाबी मेण उरतं, त्यातून मी केलेलं. केसभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचं. हलवलं मी, पण बोलतं केलं धाकटीने. धाकटी म्हणजे माझी जाऊ. बालवाडीत गोष्टी सांगून सांगून तयार झालेला तिचा गळा. कॅप्टन, त्याची आई, पाल, घरमालकीण, सगळे आवाज तिचे एकटीचे. आमच्याच स्वयंपाकघरात, फ्रिजला पाठ लावून रेकॉर्ड केलेले. मागे फ्रिजची घरघर यायची, म्हणून तेच यानाचं इंजिन ठरवलं. ती घरघरसुद्धा काढून टाकलीय.

आणि धाकटीला आता आवाजच नाही. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. पाटीवर लिहून बोलते. तिचा आवाज उरला होता तो एवढ्या सात भागांत. तोही पुसला.

५ ऑगस्ट

ॲपवाल्यांना फोन केला. ह्याला दे, त्याला दे, करत शेवटी एक बाई आली.

“मॅडम, साउंड अपग्रेड केलाय. जुन्यात खूप नॉइज होता.”

“नॉइज नव्हता तो. इंजिन होतं.”

बाई म्हणाली, जुनी फाइल आम्ही ठेवत नाही, सुधारलेलीच ठेवतो. सुधारलेली म्हणे. कोणाला विचारून सुधारली?

ह्यांनी चष्मा लावून करार वाचला. बदल करायचा हक्क त्यांना आहे. सात भागांच्या नव्या डिस्क काढायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, हेही आहे. “हे सात भाग गेले समज तुझ्या हातातून,” हे म्हणाले. सही केली तेव्हा भाऊजी काय म्हणाले होते ते मला चांगलं आठवतंय. डिस्क आता कोण घेतंय वहिनी, ॲपवर कायमचं राहील! कायमचं. भाड्याच्या खोलीत कोणी कायमचं राहतं का?

मूळ फाइल्स भाऊजींच्या जुन्या कंप्युटरमध्ये होत्या. तो केव्हाच राम म्हणाला, दुरुस्तीवाल्याने हात वर केले. म्हणजे उरल्या फक्त आमच्या डिस्क. कॉमिक्सच्या मेळ्यांत टेबल मांडून विकलेल्या, प्रत्येकीचं कव्हर मी हाताने रंगवलेलं. आणि घरात एकही नाही! शेवटची धाकटीनेच कपाटातून काढून दिली होती, एक जण फारच गयावया करत होता म्हणून. तीही सीलबंदच होती. आम्ही कंप्युटरवर बघायचो, स्वतःची डिस्क स्वतः कोण फोडतं.

मला विकायची नाही. मला ऐकायची आहे. त्यांना काय करायचं ते करू देत.

७ ऑगस्ट

धाकटीला सांगितलं. तिने पाटीवर लिहिलं — माहितीये.

“कधीपासून?”

खांदे उडवले. मग लिहिलं — बराय नवा.

“डोंबल बरा! हप्ते भरा म्हणतोय असं वाटतं.”

हसली. हसताना आता नुसती हवा येते, ते अजून सवयीचं होत नाही मला. मग पाटी पुसून सावकाश लिहिलं — मला तो ऐकायचा नाही. शोधू नकोस.

कोणता तो, ते विचारलं नाही मी. कळलं. ऑपरेशनपासून तिने एकदाही कॅप्टन लावलेला नाही. बालवाडीतल्या पोरांनी हट्ट केला तरी नाही.

“तुला नको असेल. मला हवाय,” असं तोंडावर सांगून उठले. नंतर वाईट वाटलं. पण शोधणार.

१० ऑगस्ट, रविवार

दिवसभर फोन. ज्यांनी ज्यांनी डिस्क नेली आणि ज्यांचा पत्ता लागतोय त्यांना. एकीने घर बदलताना टाकली. “ॲपवर आहे ना आता, काकू!” एकाच्या पोराने तिची चकती करून भिरकावली. माझ्या मैत्रिणीने — सख्ख्या मैत्रिणीने! — बाल्कनीत दोरीला टांगलीय. कबुतरं येत नाहीत म्हणे. मी जाऊन पाहिली. ऊन खाऊन खाऊन पार पांढरी पडलीय. वर मला विचारते, अजून एखादी आहे का गं, मागच्या बाल्कनीला?

रात्री जेवले नाही. रागाने पोट भरलं होतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

कॉमिक्सवाल्यांच्या मेळ्याला गेले. एकटीच. गेली काही वर्षं दोघी जायचो.

बरं वाटलं तिथे. पुठ्ठ्याच्या तलवारी, निळी रंगवलेली तोंडं, शेपट्या सांभाळत जिना चढणारी मोठी मोठी माणसं. स्वतःच लिहून, स्वतःच छापून, स्वतःच स्टेपल मारून विकायला बसलेली पोरं. बाहेर सगळे मला विचारतात, या वयात झुरळं काय करता? इथे मी ‘झुरळवाल्या काकू’. मानाने खुर्ची देतात.

आणि तो सापडला, आमची शेवटची प्रत नेणारा. विमा कचेरीत असतो. मेळ्यात मात्र पाण्याचा मोठा जार कापून केलेलं हेल्मेट घालून अंतराळवीर होतो. त्याला डिस्कचं विचारलं. जारच्या आतून म्हणाला, “आहे ना काकू! जिवापाड जपलीय. अजून सीलबंद!”

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, दे. कॉपी काढते, परत करते.

“म्हणजे फोडायची?” त्याने हेल्मेटच काढलं. “काकू, सह्या प्लास्टिकवर आहेत. तुमची आणि त्यांची. प्लास्टिक गेलं की सह्या गेल्या.”

“अरे, आत ती बोलतेय!”

“ते मी ॲपवर बघितलं होतं की.”

“आता जाऊन बघ. तिथे ती नाही.”

“म्हणजे आता ही एकच...” असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत काय आलं ते दिसलं मला. कपाटात ठेवायच्या वस्तूचा भाव वाढला की येतं ते. मी त्याला नको नको ते बोलले. चार टेबलांवरच्या लोकांनी ऐकलं. ऐकू देत. ती काय फुलदाणी आहे? उघडायचीच नाही तर मग त्याच्या कपाटात आणि त्या ॲपच्या गोदामात फरक काय? इथे सील आहे, तिथे पासवर्ड आहे. धाकटी दोन्हीकडे कोंडलेलीच.

१७ ऑगस्ट

राग आहे तसाच आहे. जारवाला कुठला.

२० ऑगस्ट, बुधवार

तो आला! ऑफिसच्या कपड्यांत, पिशवी छातीशी धरून. दार धाकटीनेच उघडलं. त्याने आपला सवयीने सलाम ठोकला आणि कॅप्टनचं वाक्य म्हटलं, “चिरडलो नाही ना? मग चला!” मेळ्यात नेहमी असंच चालायचं. तो एवढं म्हणायचा आणि धाकटी कॅप्टनच्या आवाजात पुढचं म्हणायची. आज तिने नुसतं बघितलं. गळ्याच्या पट्टीकडे त्याचं लक्ष गेलं आणि बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्याला बदललेल्या आवाजाचं मी सांगितलं होतं, पण हे सांगायचं राहिलंच होतं. भांडणात कुठलं सुचतंय.

बसला. पाणी प्याला. मग म्हणाला, “ॲपवर लावून बघितलं काकू. पहिल्याच वाक्याला बंद केलं. तो आमचा कॅप्टन नाही.”

डिस्क काढून टेबलावर ठेवली. माझ्या हाताने रंगवलेल्या मिशा, वर प्लास्टिक, त्यावर दोघींच्या सह्या. धाकटीच्या सहीखाली तिने काढलेलं झुरळ. मी कात्री आणायला उठले, तर म्हणतो, “मी फोडणार नाही. तुम्हीही नाही. ज्यांचा आवाज आहे त्यांनी फोडावी.”

हे मला सुचलं नव्हतं, खरं सांगते.

धाकटीने डिस्क उचलली. उलटसुलट करून पाहिली. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं चहा पीत बसलो. ती काही बाहेर आली नाही. जाताना तो म्हणाला, नसेल फोडायची तर नको, त्यांची त्यांना राहू दे. मगाशी वाटला होता त्यापेक्षा शहाणा निघाला.

२१ ऑगस्ट

डिस्क फ्रिजवर ठेवलेली. सील तसंच.

नव्या टीव्हीला डिस्क घालायला जागाच नाही हे आज लक्षात आलं. हे काही न बोलता माळ्यावर चढले. धूळ खात पडलेला जुना प्लेअर खाली आणला, पुसला, स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीला जोडला. “चालतोय,” एवढंच म्हणाले. कधी कधी हा माणूस फार आवडतो मला.

२३ ऑगस्ट, शनिवार

अजून तशीच.

ॲपवाल्यांची मेल आली. मी मेळ्यात काय काय बोलले ते कोणीतरी नेटवर टाकलंय. सात भागांच्या प्रती काढल्यास कारवाई करू म्हणतात. करा! कवळ्या करते मी, दात दाखवलेत तर माप घेईन.

पण हा सगळा आवेश कुणासाठी? आज भांडी विसळताना धाकटी फ्रिजकडे पाठ करून उभी होती. मुद्दाम. मी तिच्यासाठी भांडतेय की माझ्यासाठी? माझ्यासाठीच. मला तिची आठवण येते. ती समोर उभी असते तरी येते. इतके दिवस हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथे लिहिलं. उद्या डिस्क त्याची त्याला परत देऊन टाकते.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी जाग आली ती फ्रिजच्या घरघरीने. पण आज दोन फ्रिज घरघरत होते.

स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. धाकटी पाठमोरी, टीव्हीसमोर स्टुलावर. ओट्यावर फाटलेलं प्लास्टिक. “चिरडलो नाही ना? मग चला!” — तिचा आवाज! आणि तिचे ओठ हलत होते. कॅप्टन, आई, पाल, घरमालकीण. एकाही शब्दाला मागे राहिले नाहीत.

मला बघून तिने डोळे पुसले नाहीत. पाटी उचलून माझ्याकडे वळवली. आधीच लिहून ठेवलेली होती —

आठव्या भागात कॅप्टनचा आवाज जातो. मेण आण. हा फक्त डिस्कवर.