दोन शिखरं

३ फेब्रुवारी

पुन्हा तेच! आलेखात दोन शिखरं. एकच यायला हवं — गेले वर्षभर एकच येत होतं. यंत्राच्या निर्वात चेंबरच्या दारावर लाथ घातली. अंगठा सुजलाय. पंधरा तारखेला गाईडना आलेख दाखवायचेत, नाहीतर प्रबंध आणखी सहा महिने लटकला.

४ फेब्रुवारी

सगळं उघडून पाहिलं. यंत्र तसं साधं — प्लाझ्मासमोर निकेलची बारीक जाळी, तिच्यावर व्होल्टेज चढवत न्यायचं. कमी ऊर्जेचे आयन माघारी फिरतात, जोरकस तेवढे पलीकडे पोचतात. ते मोजायचे. जाळी ताणलीय आत्मारामने. आमचा लॅब अटेंडंट, किनाऱ्यावरच्या मिऱ्या गावचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. नखाने टिचकी मारून ताण बघतो आणि स्वतःवरच खूश! एका बाजूने सैल राहिली असणार. नक्की.

६ फेब्रुवारी

विचारलं त्याला. म्हणे, "जाळी बरोबर हाय, सर. तुमी ती विजेची नवी पेटी जोडलात ना, तेव्हापासना दोन येतायत." — मला शिकवतो! त्याच्यासमोर जाळी कात्रीने टराटरा कापली. दोन दिवस खपला होता तिच्यावर. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

त्याने नवी जाळी लावली. दोन शिखरं. जागच्या जागी!

मारलं मी त्याला. उघड्या पंजाने, डाव्या कानावर. पन्नाशी उलटलेला माणूस, स्टुलासकट आडवा झाला. माझ्या दुसऱ्या हातात पाना होता. तोही उगारला होता. शेजारच्या टेबलावर दर्शना काम करत होती, ती मध्ये पडली नसती तर — आत्माराम उठला. "पंप चालू हाय, सर," एवढंच बोलला, व्हॉल्व्ह बंद केला आणि गेला.

हात अजून झणझणतोय.

१० फेब्रुवारी

आत्माराम आला नाही. तक्रारही नाही. भित्रा लेकाचा.

१२ फेब्रुवारी

दर्शनाने आलेख पाहिला. माझ्याकडे न बघता विचारलं, "डीसी काढून आरएफ सप्लाय कधी लावलास?" गेल्या महिन्यात, म्हटलं. "मग दोनच येणार. व्होल्टेज सेकंदाला कोटीवेळा खालीवर होतंय. काही आयन कमी ऊर्जेने आपटतात, काही जास्त. पुस्तकात आहे."

नवी पेटी! जाळी बरोबर होती. जी कापली तीही.

१३ फेब्रुवारी

मिऱ्याला गेलो. पडवीत जाळं शिवत बसला होता. माफी मागितली. तीनदा. तिसऱ्यांदा त्याने मान वळवली, उजवा कान पुढे केला.

"ह्या बाजूनं बोला, सर."