अर्धा शिवलेला कोश

ता. ६ मार्च

चि. पंडितास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र आणि त्यातल्या गोळ्या पोचल्या. पत्र एकदाच वाचलं, गोळ्या मात्र सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. तुझ्या कंबरेला लागू पडलेली गोळी माझ्या बोटांना काही ओळख दाखवत नाही. पण तू पाठवतोस म्हणून घेते. फोनवर तुला ऐकू येत नाही, पत्रातून तू ऐकत नाहीस, मग वाद घालायचा तरी कुठे?

संधिवाताने आता मनगटं धरली आहेत. छापील कागदांचे फर्मे घडी करून रचते तोवर ठीक, पण शिवायला सुई चिमटीत धरली की ती कुठे आहे तेच कळत नाही. वाचनालयाची पुस्तकं बांधायला आली आहेत, ढीग खिडकीच्या वर गेलाय. बांधणीखान्याचे मालक परवा माझ्या बाकाशी उभे राहून म्हणाले की शिवणारं यंत्र हल्ली बरंच लहान मिळतं. मी म्हटलं, मीही फार मोठी नाही. ते हसले नाहीत.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. सूज उतरवणारं इंजेक्शन त्यांनी कमरेखाली दिलं, पण त्याआधी माझी पार उलटतपासणी घेतली. पोटात कधी व्रण झाला होता का, दमा आहे का, लघवी नीट होते का, दुखण्यावरचं आणखी काही घेता का. रक्तदाबाची गोळी तेवढी सांगितली. तुझ्या गोळ्यांचं त्यांना काय सांगायचं? तो घरातला मामला. आज एक आणि उद्या एक, त्यापुढे नाही, असं त्यांनी बजावलंय.

पण काय सांगू, दुपारी माझी मूठ मिटली. कित्येक महिन्यांनी. मी ती उघडून पुन्हा मिटून पाहत बसले होते.

तुझी,
अक्का

---

ता. १५ मार्च

ती. अक्कास,

सा. नमस्कार वि. वि. मूठ मिटल्याचं वाचून इतका आनंद झाला की शिक्षकांच्या खोलीत मीही स्वतःची मूठ मिटून पाहिली. गणिताच्या बाईंना वाटलं मी कुणावर तरी चिडलोय.

डॉक्टरीणबाई मला आवडल्या. आधी पूर्वपक्ष पुरा ऐकून घ्यायचा आणि मगच सिद्धांत मांडायचा ही आमच्या शास्त्राची जुनी रीत, ती त्यांनी सुईच्या टोकावर पाळली. त्या सांगतात तसं वाग. इंजेक्शन हा पाहुणा आहे, दोन दिवस राहून गेलेला बरा. रोजच्याला आपल्या घरच्या गोळ्या आहेतच. या पाकिटात दोन पट्ट्या जास्त घातल्या आहेत. आमच्या औषधांच्या दुकानदाराला आता मी तोंडपाठ झालोय, चिठ्ठी न मागता काढून देतो.

हात चालू लागलाच आहे तर एक स्वार्थही सांगतो. वेगळ्या टपालाने माझा संस्कृत कोश पाठवतोय. त्याचा कणा मोडला आहे आणि वर्गात उघडला की पानं मुलांमध्ये हिंडून येतात. बांधणी तुझ्याच हातची हवी. घाई नाही. तुझ्या त्या मालकांना हेही सांग की यंत्राला माझा कोश कळणार नाही.

माया आहे ती तशीच राहू दे, निदान कोश परत येईपर्यंत.

तुझा,
पंडित

---

ता. २ एप्रिल

चि. पंडितास,

अनेक उत्तम आशीर्वाद. कोश आला. माणसाने पुस्तकाचे इतके हाल करावेत आणि वर त्यालाच विद्वान म्हणावं, हे मला आजवर उलगडलेलं नाही. जुनी खळ खरवडता खरवडता त्यातून दोन बसची तिकिटं आणि एक वाळकं झुरळ निघालं. झुरळ टाकून दिलं, तिकिटं ठेवली आहेत.

दुखणं परत आलं आणि येताना सामानासकट आलं. डॉक्टरीणबाईंनी तिसरं इंजेक्शन द्यायचं नाकारलं. आधी रक्त-लघवी तपासा, हाताला विश्रांती द्या, मग दुसरा काही मार्ग बघू म्हणाल्या. विश्रांती कुठून आणू? मालकांनी माझ्या बाकाशेजारी जमिनीवर खडूने चौकोन आखून ठेवलाय, यंत्र तिथे बसायचं आहे. झाडणारी बाई रोज तो पुसते आणि ते रोज पुन्हा आखतात.

तेव्हा मागच्या गल्लीतल्या कंपाउंडरकडे जाते. औषध तेच, कुपीही तीच, तिच्यावरचं नाव पत्रामागे उतरवलंय. तो काहीच विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण. दुखेल त्या सकाळी जायचं. दुखत नाही अशी सकाळ मात्र उगवत नाही. वाचनालयाचं निम्मं काम हातावेगळं झालं. संध्याकाळी सगळे गेले की तुझा कोश घेते, 'च'पर्यंत शिवून झालाय.

पाय तेवढे सुजलेत, चप्पल चढत नाही. दिवसभर उभं राहून असेल. पाणी कमीच पिते, मोरी दोन जिने खाली आहे आणि गुडघ्यांशी माझं बोलणं बंद आहे. तुझ्या गोळ्याही न चुकता घेते, उगाच नाराज होऊ नकोस.

तुझी,
अक्का

---

ता. ९ एप्रिल

ती. अक्कास,

सा. नमस्कार वि. वि. आज विनोद नाही. इंजेक्शन थांबव. माझ्या गोळ्याही थांबव. हे वाक्य वाचून झालं की पत्र खाली ठेव आणि डॉक्टरीणबाईंकडे जा, उरलेलं नंतर वाच.

तुझं पत्र घेऊन मी औषधांच्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं सुजेवर एखादं मलम देईल. त्याने तुझं इंजेक्शन कोणतं ते वाचलं, माझी गोळी पुढे ठेवली आणि विचारलं की हे दोन्ही एकाच माणसाला कोण देतंय. नावं वेगळी असली तरी औषध एकाच जातीचं. जन्मभर मी मुलांच्या वह्यांत पुनरुक्तीचा दोष काढत आलो आणि तुझ्या अंगात तोच स्वतःच्या हाताने घातला.

तो म्हणाला, या औषधाने पोटात आतून रक्तस्राव होऊ शकतो. त्यात रक्तदाबाची गोळी आणि कमी पाणी असलं की किडनीवर भार येतो. पाय सुजणं, लघवी कमी होणं, शौचाला काळं होणं, यातलं एक जरी दिसलं तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं ते याचसाठी. त्यांना गोळ्यांचं सांग, कंपाउंडरचंही सांग. रागावतील, रागावू दे.

बांधणीखान्यात फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला, कुणी उचलला नाही. तुम्ही जेवायला गेला असाल. पुन्हा लावतो.

तुझा,
पंडित

---

ता. ३ मे

चि. पंडितास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा फोन वाजत होता तेव्हा आम्ही जेवायला गेलो नव्हतो. आदल्या दिवसापासून काळं होत होतं, मी मनावर घेतलं नाही. सकाळी बाकावरच पडले. कापणीच्या यंत्रावरचे काका मला घेऊन इस्पितळात गेले आणि त्यांच्यामागे बाकीचे सगळे. नंतरच्या फोनवर काकांनी तुला 'बरी आहे' एवढंच सांगितलं, ते मीच सांगायला लावलं होतं. तुझं पत्र घरी आल्यावर उघडलं. वाक्य वाचून पत्र खाली ठेवलं, पण जायचं कुठे राहिलं नव्हतं.

पोटातला रक्तस्राव थांबला. किडनीचं तसं नाही. थोडी उरली आहे, तेवढ्यावर भागवायचं आणि तीही कमी होत जाईल. मग यंत्रावर रक्त धुवायचं. एका यंत्राला टाळलं, दुसरं दारात येऊन उभं राहिलं. ते इंजेक्शन आणि त्या जातीची गोळी आता जन्मात नाही. दुखण्यावर साधी तापाची गोळी चालते, तीही मोजून. ती घेतल्याचं सांध्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

डॉक्टरीणबाई भेटायला आल्या होत्या. रागावल्या नाहीत, खुर्चीवर बसून राहिल्या. विचारलं तेव्हा सांगितलं असतं तर पहिलीच सुई दिली नसती, एवढंच म्हणाल्या. इस्पितळाच्या डॉक्टरांनी गोळ्या कुठून आणल्या विचारलं. मी म्हटलं, दुकानातून. तू यात नाहीस.

मालकांनी चौकोनात यंत्र बसवलं आहे. माझा बाक जिन्याखाली हलवला. तुझा कोश 'प'पर्यंत शिवून झाला होता. पुढचे फर्मे सुटेच आहेत, दोऱ्याने बांधून परत पाठवते. पुठ्ठा चढवता आला नाही. हे पत्र तीन बैठकींत लिहिलंय, अक्षराला हसू नकोस.

तुझी,
अक्का

---

ता. १२ मे

ती. अक्कास,

सा. नमस्कार वि. वि. कोश पोचला. तो तसाच उन्हाळ्याच्या जादा वर्गात नेतो. परवा एका मुलीने 'शरीर' विचारलं. मी म्हटलं, तो भाग घरी आहे, सुटा आहे. ती म्हणाली, घेऊन या ना सर. नेला नाही. वाऱ्याने पानं गेली तर पुन्हा लावून देणारं कुणी नाही.

मी यात नाही असं तू लिहिलंस. मीच आहे. डॉक्टरीणबाईंना तसं लिहून कळवलं आहे, तुझ्यासाठी खोटं बोलण्याची पाळी पुन्हा यायला नको. रजा मंजूर झाली, रविवारी येतो. येऊन काय करणार हे मला ठाऊक नाही. तुझा तांब्या भरीन, मोरीपर्यंत हात देईन. दुखणं थांबवणारं माझ्याकडे काहीही नाही आणि असलं तरी आता द्यायचं नाही.

त्यानंतरची सोय म्हणून यात काही पाकिटं ठेवली आहेत. माझा पत्ता घातलाय, तिकिटं चिकटवली आहेत. एक ओळ लिहिणं तुझ्या बोटांना किती महाग पडतं ते या वेळी अक्षरावरून कळलं. तेव्हा लिहू नकोस. आठवड्याला एक पाकीट तसंच पेटीत टाकायला काकांकडे दे. आलं की मी समजेन.

यापुढे मी पाकिटात काही घालणार नाही. तूही घालू नकोस. रिकामं आलं तरी मी उघडून पाहीन.

तुझा,
पंडित