शेवटच्याच्याही मागे

तीर्थरूप दादांच्या पायांशी, कंबर वाकत नसल्यामुळे बसल्या जागेवरूनच केलेला नमस्कार.

तुमची तब्येत बरी असावी आणि वहिनींचा गुडघा थंडीत फार त्रास देत नसावा अशी आशा आहे. (गुडघा म्हणजे काय चीज असते हे मला गेल्या शनिवारपासून नीट समजलं आहे. वहिनींच्या गुडघ्याला मी आजवर मनातल्या मनात कुरकूर म्हणत आलो, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. हे वाक्य त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे, ही आणि मुलगी खुशाल आहेत, आणि मी दोन उशांवर बसून लिहितो आहे.

विषय तुम्हाला माहीत आहेच. मुलीने लग्नासाठी स्वतःच एक जण पसंत केला आणि तुम्ही फोनवर "विचार करून सांगतो" एवढंच म्हणून फोन ठेवलात. तुमचं "विचार करून सांगतो" मी अठ्ठेचाळीस वर्षं ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ मी मुलीला सांगितला नाही, पण तीही तुमच्याच अंगाखांद्यावर वाढलेली, तिला सांगावा लागत नाही. तिने त्याच दिवशी जाहीर केलं की मोठे काका मनापासून हो म्हणाले तर करीन, नाहीतर राहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या वह्या तपासताना ती गुणगुणायची, ते तेवढं थांबलं. घरातला एखादा नळ वर्षानुवर्षं ठिबकत असावा आणि एके दिवशी ठिबकायचा थांबावा, मग आपल्याला झोप येऊ नये, तसं मला झालं.

तुमचं म्हणणं असं होतं की, जो माणूस आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी, काही कारण नसताना, शंभर-सव्वाशे किलोमीटर सायकल चालवतो, त्याचं कुठेतरी काहीतरी बिनसलेलं असणार. मला ते पटलं होतं. पण दादा, माझा धंदा वजनकाटे तपासण्याचा. काटा खोटा आहे असं दुकानदार म्हणाला म्हणून मी कधी शेरा मारलेला नाही. त्यावर खरी वजनं ठेवून बघतो, आणि तीही चिमट्याने उचलून, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. भेटायला बोलावलेला, भांग पाडून आलेला, खुर्चीच्या कडेवर बसून बिस्किट नको म्हणणारा माणूस हा आपल्या बोटांनी उचललेला असतो. तेव्हा उमेदवाराला (पत्रात मी त्याला उमेदवार म्हणतो, जावई म्हणण्याचा हक्क पहिल्यांदा तुमचा) त्याच्या नकळत, त्याच्याच रस्त्यावर जाऊन पाहायचं मी ठरवलं.

उमेदवार ज्या सायकल मंडळात आहे, त्याच मंडळाच्या सफरीत आमच्या दुकानाशेजारच्या सायकलवाल्याने नाव घातलं होतं. डोंगर ओलांडून समुद्राकाठच्या दीपस्तंभापर्यंत साठ किलोमीटर, तिथे कार्डावर शिक्का, आणि साठ किलोमीटर परत. वेळ नऊ तास. आदल्या दिवशी वादळाचा इशारा आला आणि सायकलवाल्याची पाठ धरली. (मी हवामान आणि पाठ यांचा संबंध लावत नाही, फक्त क्रम सांगतो.) त्याची सायकल, त्याचा पावसाळी कोट आणि एकतीस हा त्याचा नंबर मी मागून घेतला. घरी सांगितलं की धान्याच्या गोदामात मोठा काटा तपासायला चाललो आहे. देवासमोर दिवा लावून झाल्यावर खोटं बोललो, आधी नाही, एवढाच विवेक मला राखता आला.

उमेदवाराला ओळखणार कसा, असं तुम्ही विचाराल. मुलीने एकदा फोनवर फोटो दाखवला होता. वीस-बावीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर टोप, डोळ्यांवर काळे चष्मे. एकावर तिने बोट ठेवलं, बोटासरशी फोटो मोठा झाला, सरकला, आणि मी जवळचा चष्मा आणायला उठेपर्यंत तिने फोन बंद केला. माझ्या लक्षात राहिली ती त्याच्या हातातली निळी सायकल.

सकाळी सहा वाजता आम्ही पंचवीसेक जण मैदानाच्या फाटकाशी जमलो. पाऊस वरून पडत नव्हता, बाजूने येत होता. मंडळाच्या प्रमुख एक निवृत्त परिचारिका आहेत, गळ्यात शिट्टी. त्यांनी नियम वाचून दाखवले, पण वाऱ्याने त्यातले बरेचसे पलीकडच्या गल्लीत नेले. मला ऐकू आला तो एकच, की कुणालाही मागे एकटं सोडायचं नाही. मला हे फार आवडलं. आमच्या शाळेत गुरुजी सहलीला हेच सांगायचे. मग शिट्टी झाली आणि सगळे मला मागे एकटं सोडून गेले.

निळी सायकल सर्वांत पुढे होती. पहिल्या दहा किलोमीटरमध्येच माझी तपासणी जवळजवळ पूर्ण झाली. हा गृहस्थ डबकं दिसलं की त्यातूनच जायचा, आणि बाजूच्याला अंघोळ घातल्यावर शीळ वाजवायचा. एक बाई साखळी निखळली म्हणून थांबल्या होत्या, त्यांच्या अंगावरूनही तो तसाच शीळ घालत गेला. मी मनात शेरा लिहिला: नापास. दादांचं पुन्हा बरोबर निघालं, असंही लिहिलं. त्यानंतर निळी सायकल मला दिसली नाही, कारण चढ लागला.

आता माझ्या मागे एक जण होता, त्याचं सांगतो. सगळे पुढे निघून गेले तरी हा बिचारा माझ्याही मागे. पिवळा कोट, हनुवटीपर्यंत बंद, तोंडावर फडकं. मी वळून पाहिलं की पन्नास पावलांवर. माझ्यासारख्या माणसालाही ज्याला गाठता येत नाही त्याची छाती काय अवस्थेत असेल, या विचाराने मला भरून आलं. एकटं सोडायचं नाही हा नियम डोक्यात होताच. मी थांबलो. तोही थांबला. मला वाटलं, धाप लागली. मी निघालो, तोही निघाला. पुन्हा थांबलो, पुन्हा थांबला. मी हात करून म्हटलं, "पुढे व्हा तुम्ही, सावकाश व्हा." त्याने हात करून म्हटलं, "नाही काका, तुम्ही व्हा पुढे." किती नम्र, वाटलं. आजाराने माणूस नम्र होतो. एवढ्या पावसात मी त्याच्यासाठी देवाचं नाव घेत घेत चढ चढलो, आणि दर फर्लांगाला थांबून त्याची वाट पाहिली. शेवटी तर मी चालत सायकल ढकलू लागलो, म्हणजे त्याला लाज वाटायला नको. तोही उतरला आणि चालू लागला. खिंडीत गारा पडल्या तेव्हा आम्ही दोघं रस्त्याच्या दोन टोकांना उभे राहून पंधरा मिनिटं एकमेकांना पुढे जाण्याचा आग्रह करत होतो.

दीपस्तंभ गाठला तेव्हा शिक्का मारणारा पहारेकरी जेवून, झोपून, उठला होता. "बाकीचे केव्हाच गेले," तो म्हणाला. तिथून परत निघून चार किलोमीटर होतात तोच माझ्या मागच्या चाकातली हवा गेली. पिवळ्या कोटवाल्याने सायकल बसथांब्याच्या आडोशाला घेतली, चाक काढलं आणि ट्यूब तपासू लागला. मी त्याला माझी दोन्ही केळी दिली. म्हटलं, "खा रे बाबा, तुला शक्ती पाहिजे." तो जरा चकित झाला, पण खाल्ली.

माणूस मला बरा वाटला, आणि मन तर जड होतंच. मी विचारलं, "तो निळ्या सायकलवाला ओळखीचा आहे का तुझ्या?"

"हो की. आमच्यातलाच आहे."

"माणूस कसा आहे?"

तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "सायकल चांगली आहे."

मला राहवलं नाही. म्हटलं, "माझी मुलगी त्याच्याशी लग्न करायचं म्हणते."

त्याच्या हातातला पंप थांबला. "त्याच्याशी? काका, त्याचं लग्न झालंय. दोन मुलं आहेत. धाकटीच्या वाढदिवसाला फुगे मी फुगवलेत, याच पंपाने."

दादा, मी खाली बसलो. बाकावर नाही, बाकाशेजारी. देवाचं नाव घेतलं, पण भांडायला हाक मारतात तसं. त्या माणसाला मी काय काय सांगितलं असेन कोण जाणे. पोर शाळेत चित्रकला शिकवते, तुमच्या होकारासाठी अडून बसली आहे, हल्ली जेवताना ताटाकडे बघते, आणि आता घरी जाऊन मी हे तिला कुठल्या तोंडाने सांगू. त्याने मध्येच शाळा कोणती ते विचारलं. मी सांगितलं. त्याने पंप खाली ठेवला, तोंडावरचं फडकं काढलं, टोप काढला. केस कपाळाला चिकटलेले.

"काका, रागावणार नाही ना? तो मी आहे."

"कोण तू?"

"तुम्ही ज्याला बघायला आलात तो."

"फोटोत तर सायकल निळी होती!"

"फोटोच्या वेळी ना? तिचा मालक केळी आणायला गेला होता. मला म्हणाला, धरून ठेव जरा."

मग मी विचारलं की तुझ्या छातीला काय झालंय. काही नाही, म्हणाला. मग माझ्या मागे का राहतोस? तेव्हा त्याने वाऱ्याने नेलेला नियम मला सांगितला. प्रत्येक सफरीत एकाला सर्वांत शेवटी राहण्याचं काम नेमून देतात. जो कोणी शेवटचा असेल त्याच्याही मागे राहायचं, त्याला ओलांडायचं नाही. "तुम्ही थांबलात की मला थांबावंच लागतं. मला वाटलं, तुमची तब्येत ठीक नाही. मी तुमच्यासाठी पुढे गाडी मागवून ठेवणार होतो."

"मी कोण आहे ते माहीत होतं तुला?"

"एकतीस नंबर," तो म्हणाला, आणि चाक बसवू लागला.

परतीचे छप्पन्न किलोमीटर आम्ही शेजारी शेजारी आलो. (नियमात बसत नाही. शेवटचा अर्धा किलोमीटर त्याने पुन्हा मागे राहून नियम पाळला.) वाटेत मी एकदा खड्ड्यात आणि एकदा मुद्दाम, थोडं पडून राहावं म्हणून, पडलो. दोन्ही वेळा त्याने कारण विचारलं नाही. एकूण सव्वाबारा तासांनी पोचलो तेव्हा मैदानावर शिट्टीवाल्या बाई एकट्याच छत्री धरून उभ्या होत्या. मी सगळा उशीर माझ्यावर घेऊ लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या हो. याला शेवटी ठेवलं की हा दरवेळी उशिरा येतो. पण माणूस आणतो."

तर माझा अहवाल असा आहे. वजन ठेवून पाहिलं. मला न ओळखता, एका सुस्त, हट्टी, अनोळखी एकतीस नंबरामागे जो माणूस गारांमध्ये चालत आला, तो काटा खरा आहे. बाकी तुम्ही थोरले आहात. निर्णय सर्वस्वी तुमचा. तुम्ही जे ठरवाल ते आम्हाला मान्य असेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ

ता. क. निर्णय सर्वस्वी तुमचा असं वर लिहिलं आहे, त्यात एक लहानशी अडचण आहे. तुमचं होकाराचं पत्र रविवारी दुपारी मी घरात वाचून दाखवलं. ते तुम्ही लिहिलेलं नव्हतं, मी लिहिलं होतं. मुलीचा चेहरा आणखी आठ दिवस बघणं मला जमलं नसतं. तुमचं अक्षर आणि सही मला लहानपणापासून येते. (माझ्या प्रगतिपुस्तकावर चौथीनंतरच्या सह्या कुणी केल्या, हा विषय या निमित्ताने काढत नाही.) सोबत नक्कल जोडली आहे. कृपया तिच्याबरहुकूम एक खरं पत्र लिहून उलट टपाली धाडावं, म्हणजे माझं खोटं मागाहून तरी खरं होईल.

ता. क. २. त्या पत्रात दुसऱ्या पानावर तुम्ही थोडे रडला आहात. पोरीचं बोट धरून तिला चालायला शिकवलं, तो मजकूर लिहिताना तुम्हाला आवरलं नाही. पत्र चार पानी झालं. भेटीत त्या मानाने थोडं हळवं राहावं, ही विनंती.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेव्हा मुलगी समोर येऊन बसली आणि म्हणाली की, बाबा, मोठ्या काकांचं पत्र तर शनिवारीच आलं, तुम्ही गोदामात होतात तेव्हा. मी पाहिलं. तीन ओळी आहेत: "विचार केला. तुला पसंत तर मला पसंत. बापाला पावसात कुठे पाठवू नकोस." म्हणजे रविवारी मी चार पानं वाचत होतो तेव्हा दोघींना सगळं ठाऊक होतं, आणि दोघींनी मला शेवटपर्यंत वाचू दिलं. तुम्ही रडलात तिथे हिने रुमाल तोंडाला लावला होता, तो मला तेव्हा वेगळ्या कारणासाठी वाटला. तेव्हा वर मागितलेलं पत्र आता पाठवू नये. मात्र सोमवारी उमेदवाराची आई घरी येऊन गेली, आणि मुलीने त्यांना दोन्हींपैकी चार पानी पत्र दाखवलं. दुसऱ्या पानाशी त्याही रडल्या. पुढच्या महिन्यात त्या तुम्हाला भेटतील, तोवर सोबतची नक्कल पाठ करून ठेवावी.